सासूबाईंना तीन लाथा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं पुढे न करता पाय पुढे करून आले. त्यानंतरही मी कधी डोकं चालवलेलं आईला दिसलं नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

पायाळू माणसाने लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, असं आमच्याकडे लहानथोर सगळेच मानत. पायाळू माणसावर वीज पडते, असंही मानत. पहिली गोष्ट लोकांच्या कामाची होती आणि दुसरी लग्न मोडणारी. म्हणून बेळगावजवळच्या येळ्ळूरहून निपाणीजवळच्या खेड्यात सासरी निघाले तेव्हा आईने मला कोपऱ्यात नेऊन बजावलं, "तितं कुणापाशी बोलू नको." मी मान हलवली.

लग्न उन्हाळ्यात झालं होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालत आणि धापा टाकत. मला त्याचं काही नव्हतं. मला फक्त नागपंचमी दिसत होती. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करायची असते, आणि आदल्या दिवशी माझा भाऊ मला न्यायला येणार होता. आईची इतकी आठवण यायची की भाकरी थापताना डोळे पुसायला हात मोकळा नसायचा आणि पीठ खारट व्हायचं.

माझ्या सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. त्यांचे गुडघे जुने दुखणेकरी होते. पाऊस यायच्या दोन दिवस आधी ते ठणकायला लागत, आणि मामा, म्हणजे माझे सासरे, पंचांगापेक्षा त्या गुडघ्यांना विचारून पेरणी करत. पंचमीच्या सहा दिवस आधी आत्तींनी गुडघा सांभाळत पाण्याचा हंडा वाकडा उचलला, कंबरेत काहीतरी कट्कन वाजलं आणि त्या वाकल्या तशाच राहिल्या. त्यानंतर त्या जे काही बोलत, ते जमिनीकडे बघून.

उपाय लगेच सुरू झाले. रुईची पानं तव्यावर गरम करून कंबरेला बांधली. एरंडेल चोळलं. विटेचा शेक दिला, वीट जास्त तापली म्हणून त्यावर लोणी लावावं लागलं. मग मामांनी आपला उपाय काढला. आमच्या निपाणी भागात तंबाखूवर जितका विश्वास, तितका वैद्यावर नाही. त्यांनी घरातली सुकी पानं भिजवून आत्तींच्या कंबरेला घट्ट गुंडाळली. तासाभरात आत्तींना गरगरायला लागलं आणि त्या ओकल्या. कंबर होती तिथेच होती.

मामांनी निकाल देऊन टाकला. "घरात एक बाई तरी उभी पायजे. ही सरळ झाली तर सून जाईल. न्हाय झाली तर पंचमी हितंच."

मी गोठ्यात जाऊन म्हशीपुढे रडले. मग डोळे पुसून सरळ आत्तींपाशी गेले आणि आईचा शब्द मोडला. "आत्ती, मी पायाळू हाय."

त्यांनी वाकल्या वाकल्याच मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "आदी का सांगितलं न्हाईस?"

"इज पडंल म्हणून घाबरतील, असं आई म्हणाली."

लोखंड वीज ओढतं, म्हणून आत्तींनी आधी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि ते दूर परड्यात नेऊन ठेवायला मामांना पाठवलं. मग म्हणाल्या, "पाय दाव."

पाय बघून त्यांचा चेहरा उतरला. लाथ डाव्या पायाची लागते, आणि माझ्या डाव्या पायाची लग्नातल्या नव्या वहाणेने वाट लावली होती. तळव्याला हरभऱ्याएवढं कुरूप झालं होतं. त्यात पावसाळा, शेतातला चिखल, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. तो पाय जमिनीला टेकवतानाच मी तोंड वाकडं करत होते, मग लाथ कसली मारणार.

"ह्या पायानं गुण यायचा न्हाय," आत्ती म्हणाल्या. "पयला ह्यो पाय बरा करू."

मग त्या वाकलेल्या बाईने दोन दिवस माझ्या पायाची सेवा केली. जमिनीजवळ त्या आधीच होत्या, त्यामुळे त्यांना ते सोयीचंही पडत होतं. पाय कोमट पाण्यात बुडवायचा, चिखल्यांना मेंदी वाटून भरायची. कुरपासाठी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की चटकन कुरपावर टेकवायचा. मी ओरडले की आत्ती म्हणत, "ओरडू नको. हीच लाथ मला बसणार हाय." सुनेचा पाय मांडीवर घेऊन, त्याच पायाची लाथ खाण्यासाठी तो चोळत बसलेली सासू मी तरी दुसरी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती उंबऱ्यात उभ्या राहिल्या, म्हणजे वाकल्या. मामा तोंड फिरवून अंगणात बसले, कारण सून सासूला लाथ मारते हे उघड्या डोळ्यांनी बघणं त्यांना झेपणारं नव्हतं. मी आधी आत्तींच्या पाया पडले. मग पहिली लाथ मारली. ती म्हणजे नुसता स्पर्श होता.

"ही लाथ हाय का मुंगी चढली?" आत्ती म्हणाल्या.

दुसरी थोडी बरी होती. तिसरीच्या वेळी मला येळ्ळूरचं घर दिसलं, दारातली आई दिसली, आणि चार महिन्यांत शिकवलेला सगळा मान विसरून मी पाय मारला. आत्ती उंबऱ्यातून थेट तुळशीपर्यंत गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

आत्ती तुळशीचा कट्टा धरून हळूहळू उठल्या आणि सरळ झाल्या. त्यांनी हात वर करून मामांना दाखवलं. "झाली मोकळी. बघा. सून उद्या जाईल."

मामा चकित झाले आणि त्यांनी ती बातमी गल्लीभर केली, तीच चूक झाली. दुपारपर्यंत आमच्या दारात चार कंबरा आणि एक खांदा येऊन बसला. तंबाखूच्या वखारीतला एक हमाल आला होता. परक्या पुरुषाला नव्या सुनेने पाय कसा लावायचा, म्हणून त्याच्या बायकोने मधे पोतं धरलं आणि मी पोत्याला लाथ मारली. लाथ बायकोच्या हाताला लागली. आता तिचा हातही रांगेत आला.

सगळे म्हणायला लागले, पंचमी झाल्यावर जाऊ दे सुनेला, आधी गावाचं बघू. मामांनाही ते पटायला लागलं, कारण लोक त्यांना विचारून आत येत होते. तेवढ्यात आत्ती दारात ताठ उभ्या राहिल्या. "पायाळूच्या पायाला तीनच लाथांचा गुण. चौथीपासनं उलटा गुण येतो. ज्येला कंबर मोडून घ्यायची, त्येनं बसावं." अंगण रिकामं झालं. असला नियम मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. निपाणीहून बेळगावची मोटार गाठायची होती, म्हणून मामा बैलगाडी जुंपून घाई करत होते. आत्ती दारात ताठ. मी गाडीत बसले आणि लक्षात आलं, आईसाठी भाजलेल्या लाह्यांचं गाठोडं चुलीपाशीच राहिलं. उतरून मी आत पळाले.

आत्ती सैपाकघरात होत्या. एक हात भिंतीला, एक कंबरेला, पहिल्यापेक्षाही जास्त वाकलेल्या, आणि दात आवळून श्वास घेत होत्या. मला बघून त्यांनी सरळ व्हायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"आत्ती, कंबर सुटली न्हाय?"

"कधी सुटलीया लाथेनं कंबर? तुळशीवर आपटलो तवा गुडघा बी गेला."

त्यांच्याविषयी इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "मी न्हाय जात. ऱ्हातो हितंच."

त्यांनी वाकूनच लाह्यांचं गाठोडं उचललं आणि माझ्या हातात कोंबलं. "गप जा. माज्या पयल्या पंचमीला माज्या सासूची कंबर अशीच धरलती," त्या म्हणाल्या. "मला जाऊ दिलं न्हवतं."