दोन बोटं आखूड

फुंकेमास्तर हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव विचारलं असतं तर गल्लीतलं एकही माणूस सांगू शकलं नसतं. शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनात हवा नेणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळ्या तो बनवायचा. नळी तयार झाली की तिला ओठ लावायचा, डोळे मिटायचा आणि एक लांब फुंकर मारायचा. मग म्हणे नळी त्याला सांगायची. काय सांगायची ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी माना डोलवायच्या, एवढंच काम.

हाताला मात्र सफाई होती, ते नाकारून चालणार नाही. त्याने मारलेला वेल्ड घासून झाल्यावर शोधून दाखवा म्हटलं तर लोक पैजा हरले असते. नळीची लांबी तो दोऱ्याने धरायचा. दोरा नळीच्या पोटातून ओवायचा, गाठ मारायची आणि दोरा खिळ्याला टांगायचा. मोजपट्टी ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी, असं तो म्हणायचा. त्याच्या दुकानात एक रिवाज होता. नळी चुकली तर ज्याने बनवली त्यानेच ती सगळ्यांसमोर घणाने चेपायची आणि मोठ्याने म्हणायचं, ‘माझी चूक.’ या रिवाजापायी चार कारागीर सोडून गेले होते. स्वतः मास्तरने तीस वर्षांत एकही नळी चेपली नव्हती. चूक कुठूनही निघाली तरी फिरून फिरून दुसऱ्याच्याच गळ्यात पडायची.

शेवटी त्याच्या हाताखाली उरली त्याची मुलगी. तीस वर्षांची, अबोल, आणि बापापेक्षा हुशार. हुशारी झाकून ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

एका गाडीमालकाची नवी गाडी फिरकीच्या इंजिनाची होती. त्यात वरखाली नाचणारे पिस्टन नसतात. दोन खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत एक तिकोनी फिरकी गरगरते. हवेच्या दाराला वेगळी झडप नसते, फिरकीच आपल्या अंगाने दार उघडते आणि मिटते. ही गाडी वळणातून बाहेर पडताना दमायची. मालक दुकानात आला, मास्तरकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने मुलीला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

तीस वर्षांत असा प्रश्न मास्तर सोडून कोणाला विचारला गेला नव्हता.

“नळ्या आखूड आहेत,” मुलगी म्हणाली. “दार मिटलं की आत निघालेली हवा त्याच्यावर आपटते आणि तो धक्का नळीतून उलटा पळतो. लांबी नेमकी असेल तर तोच धक्का दुसऱ्या खोलीच्या दाराशी वेळेवर पोचतो आणि दार मिटता मिटता हवेचा एक घोट जास्तीचा आत कोंबतो. आत्ता तो लवकर पोचतोय, फुकट जातोय.”

“हवा फुंकायचा ब्लोअर नळीला लावून बघ,” मास्तर म्हणाला. “आखूड नळीतूनच जास्त हवा जाते. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

“ब्लोअर एकसारखा फुंकतो, बाबा. इंजिन घोट घेतं.”

मालक हसला आणि म्हणाला, “करून तर बघू.” मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री तो जेवला, पण घास मोजून.

मुलीने आठ दिवस खपून नळ्यांचा जोड बनवला. दोरा ओवला, गाठ मारली, खिळ्याला टांगला. चाचणीच्या आदल्या दुपारी ती गॅस्केट आणायला गेली तेव्हा मास्तरने शटर अर्धं ओढलं, दोन्ही नळ्या दोन दोन बोटं कापल्या, तोंडं पुन्हा जोडली आणि घासून आरशासारखी केली. तासाभराचं काम. राग होता म्हणून काम ओबडधोबड झालं असेल असं समजू नका. इतका सुंदर वेल्ड त्याने जन्मात मारला नव्हता. फक्त एक गोष्ट तो विसरला. कापायची नळी एवढंच त्याच्या डोक्यात होतं, खिळ्यावरच्या दोऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी वळणातून निघताना पूर्वीपेक्षाही जास्त दमली. मालकाने मान हलवली. नळ्या उतरवून दुकानात आल्या. मालक होता, त्याचे दोन मेकॅनिक होते, समोरचा वेल्डिंगवालाही डोकावत होता.

“रिवाज माहीत आहे ना?” मास्तर म्हणाला. घण त्याने स्वतः आणून तिच्या पायाशी ठेवला.

मुलीने घण उचलला नाही. तिने खिळ्यावरचा दोरा काढला आणि नळीतून ओवला. गाठ नळीच्या तोंडाबाहेर दोन बोटं लोंबत राहिली. दुसऱ्या नळीतही तेच. तिने बापाकडे पाहिलं.

“दोरा सैल झाला असेल,” मास्तर म्हणाला. “तुझ्या गाठी पहिल्यापासून अशाच.”

मेकॅनिक हसले. ती बोलू शकली असती. पण बापाला चारचौघांत उघडं पाडायचं आणि मग त्याच बापाच्या घरी जेवायला बसायचं, हे तिच्याच्याने होईना. तिने घण घेतला. अॅल्युमिनियम मऊ, तीन-चार घावांत नळ्यांची पापडी झाली.

“काय म्हणायचं असतं?” मास्तरने विचारलं.

“माझी चूक,” ती म्हणाली.

पापडी मास्तरने संध्याकाळीच भंगारवाल्याला दिली. आठवड्याभरात मुलीने पंपदुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली आणि खोली भाड्याने घेतली. आई दाराशी उभी राहिली. मास्तर म्हणाला, “जाऊ दे. चार दिवसांत येईल गुमान.”

ती आली नाही. आला तो मालक, पाचेक महिन्यांनी. “मास्तर, गाडी अजून दमते. या वेळी जमलं नाही तर मी दुसरीकडे जातो.”

मग मास्तरने काय करावं? खिळ्यावरचा दोरा काढला. गाडीच्या जुन्या नळ्या मुलीच्या गाठीपर्यंत लांबवल्या आणि त्यांच्यावर आपला शिक्का ठोकला. फुंकरही मारली, सवयीने. गाडी पहिल्याच शर्यतीत पहिली आली. मालकाने त्याला मिठी मारली. “हे सुचलं कसं हो तुम्हाला?”

मास्तरने नुसतं कानावर बोट ठेवलं.

गाडी पुढच्या शर्यतींसाठी लांब निघून गेली. पंचांनी इंजिनाला सील ठोकलं होतं, हंगाम संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. जाता जाता मालकाने आणखी तीन गाड्यांसाठी नळ्या सांगितल्या. सोमवारी हव्यात म्हणाला, अगदी तशाच.

मास्तर शिट्टी वाजवत दुकानात शिरला. खिळा रिकामा होता.

दुकान घराला लागूनच होतं. त्याने बायकोला हाक मारली.

“काल ती बूट न्यायला आली होती,” बायको पीठ मळता मळता म्हणाली. “शर्यतीचा फोटो बघितला म्हणे पेपरात. दोराही नेला.”

“नेऊ दिलास?”

“तिचाच होता ना?”

मास्तरने दिवसभर आठवून पाहिलं. एवढी? की एवढी? तीन नळ्या कापल्या, तिन्हींना फुंकर मारली. तिन्ही एकच सांगत होत्या. खरं तर त्या कधीच काही सांगत नव्हत्या. नळीत ऐकू यायचा तो त्याचाच श्वास, आणि हे त्याला तीस वर्षं माहीत होतं.

शनिवारी दुपारी त्याने मुलीला फोन लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

“दोऱ्याची लांबी सांग,” तो म्हणाला. विनंती कशी करायची ते त्याला येत नव्हतं.

त्याला वाटलं होतं ती फोन आपटेल, निदान रडेल तरी. रडली असती तर दोन शब्द समजुतीचे बोलायची त्याची तयारी होती.

“चारशे बारा मिलिमीटर,” ती लगेच म्हणाली.

“नक्की?”

“बाबा,” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, “मी तुमचीच मुलगी आहे.”

फोन बंद झाला. मास्तरने भिंतीवर खडूने आकडा लिहिला. नवा दोरा घेतला, बोल्टची भोकं आखायला ठेवलेल्या मोजपट्टीवर धरला आणि चारशे बारावर गाठ मारली. नळी शिकंज्यात आवळली, करवत लावली आणि तसाच उभा राहिला. आकडा खरा असेल. नाहीतर दोन बोटं कमी असेल, किंवा जास्त. सांगणार कोण? सोमवारी मालक येईल, त्याच्याबरोबर मेकॅनिक येतील, समोरचा वेल्डिंगवाला डोकावेल, आणि घण कोपऱ्यात उभाच आहे.

बायको चहा घेऊन आली. तिने भिंतीवरचा आकडा वाचला, नवऱ्याचा हात पाहिला आणि कप शिकंज्याशेजारी ठेवला.

“मिळाला ना आकडा?” ती म्हणाली. “मग कापा की.”