अंगुरीबाईंनी गाडी विकली

कारंजाच्या बाजारात अंगुरीबाई सायकलवर दिसल्या की नव्या माणसाला वाटतं, घरची परिस्थिती बेताची असावी. तसं नाही. त्यांचे यजमान भागचंद यांचं कापडाचं दुकान चांगलं चालतं. दारात पांढरी गाडीही होती. ती अंगुरीबाईंनी हट्टानं विकायला लावली आणि पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकल्या, त्या सूड घ्यायला.

त्यांच्या मुलीचं, टीनाचं, लग्न गावातल्याच धान्याचे अडते धन्यकुमार सेठ यांच्या अर्हमशी ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या आणि सेठ मोठी गाडी मागू लागले. भागचंद नाही म्हणाले. लग्न मोडलं. तेवढ्यावर अंगुरीबाई गप्प बसल्या असत्या. पण कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला सेठ सांगत सुटले, "पोरीतच खोट होती." टीनानं मंदिरात जाणं सोडलं.

गाडी विकायचं ऐकून भागचंद म्हणाले, "त्यायचा राग आपल्या गाडीवर काहून काढून राह्यली?"

"गाडीत बसून गेली तर मले कोण काय विचारते? सायकलवर पाह्यली का सारे विचारतीन. मंग मी सांगीन."

सायकलवाल्या अन्सारभाईंनी त्यांना शाळेच्या मैदानावर शिकवलं. गुडघे सोलले, एक साडी चेनमध्ये अडकून फाटली. "भाभी, या उमरीत कायले हा ताप?" अन्सारभाई म्हणाले. अंगुरीबाईंनी पदर खोचला आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

मग रोज सकाळी मंदिराला जाताना त्या जवळचा रस्ता सोडून सेठच्या दुकानावरून जाऊ लागल्या. दुकानासमोर घंटी वाजवायच्या, पण तिकडं बघायच्या नाहीत. वाटेत कुणी ना कुणी विचारायचंच, "भाभी, गाडी कुठं गेली?"

"धन्यकुमार सेठले मोठी गाडी पाह्यजे होती. आमी देली नाही, तर त्यायनं माह्या पोरीले नाव ठेवलं. तवापासून मले गाडीत बसू वाटत नाही."

शिवी नाही, खोटं नाही, आवाजही चढलेला नाही.

बाहेरगावी जायला एसटी होती. मंगरूळपीर, वाशीम, रिसोड, जैन समाजातलं एकही लग्न त्यांनी सोडलं नाही. भागचंद सेठच्या घरची बाई स्टँडवरून पिशवी घेऊन पायी मांडवात येते, हे बघून पाहुणे चकित व्हायचे आणि विचारायचे. अर्हमसाठी धन्यकुमार सेठ जिथं मुलगी बघायला जात, तिथं ती गोष्ट आधीच पोचलेली असे. जमत आलेली एक सोयरीक फिसकटली, मग दुसरी. दुसरी फिसकटल्याचं कळलं त्या दिवशी अंगुरीबाईंनी घरी शिरा केला.

टीना तोवर अकोल्याला नोकरीला लागली होती. "मम्मी, मी विसरली. तू कधी विसरशीन?"

"तू विसर बेटा. आठोन ठेवाले मी आहो ना."

पर्युषण संपून क्षमावाणीचा दिवस आला. मंदिराच्या अंगणात सगळे हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणत वर्षभरातल्या चुकांची माफी मागत होते. सेठही एकेकाला हात जोडत अंगुरीबाईंसमोर आले.

"उत्तम क्षमा, भाभी."

"कायची?"

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

"झालं गेलं त्याची."

"काय झालं होतं ते सांगा ना. सारे आहेत इथं."

सेठनी मागं उभ्या असलेल्या अर्हमकडं पाहिलं. पोराचं वय वाढत चाललं होतं. त्यानं मान वर केली नाही. सेठ म्हणाले, "पोरीत खोट नव्हती. मले गाडी पाह्यजे होती. मी खोटं बोललो."

"मोठ्यानं बोला. मांगच्या बायायले आयकू नाही आलं."

सेठ पुन्हा बोलले. भागचंदना वाटलं, आता तरी ही, निदान रीत म्हणून, हात जोडेल. अंगुरीबाईंनी जोडले नाहीत. "आयकलं मी," एवढंच म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि सायकल काढली.

पुढच्या वर्षी अर्हमचं लग्न दूर मध्य प्रदेशात जमलं. त्याचं आपल्याला वाईट वाटलं, हे त्या लपवत नाहीत. गाडी त्यांनी पुन्हा घेतली नाही. आजही रस्त्यात कुणी विचारलं तर एक पाय जमिनीवर टेकवून त्या सगळं सांगतात. फक्त आता शेवटी जोडतात, "आन् हे त्यायनं सोता कबूल केलं, मंदिरात."