शुभदाताई आणि वाणातली चुंबकं

शुभदाताई काल गेल्या. आज आमच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा नुसता पूर आलाय, आणि मला एकेकीचा फोन फोडावासा वाटतोय.

नवरा म्हणाला, लिहू नकोस. लिहिणारच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताई इथे आखातात, अल हैलमध्ये, स्वतःच्या घरी लहान मुलांचा प्लेग्रुप चालवायच्या. मी मदतीला. तीन-चार वर्षांची पोरं, आणि ताईंचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे लोहचुंबक.

मोठाली, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली चुंबकं. "तोंडात मावेल असं काही माझ्या वर्गात येणार नाही," हा त्यांचा नियम.

पाण्यात पडलेली क्लिप ग्लासच्या बाहेरून वर ओढायची. पुठ्ठ्याखालून गाडी पळवायची. मग ताई एखाद्याच्या तळहातावर क्लिप ठेवायच्या, हाताखाली चुंबक, आणि हात हळूच उलटा करायच्या… क्लिप पडायची नाही.

"थ्रू युवर हँड!" पोरं किंचाळायची.

कुणाचं उत्तर चुकलं तरी ताई रागवायच्या नाहीत. "करून बघ आणि मला सांग," एवढंच.

गेल्या संक्रांतीला वैशालीकडे हळदीकुंकू होतं. वैशाली म्हणजे आमच्या वर्गातल्या आरुषची आई. भारी हौशी. तिने वाण आणलं मत्रहच्या सूकमधून, इथल्या जुन्या बाजारातून: चुंबकाच्या पिना. इथल्या बायका डोक्यावरच्या स्कार्फला लावतात ना, त्या. दोन इवलीशी गोल चुंबकं, मध्ये कापड. पैठणीला भोक पडायची भीती नाही. मी तर लगेच पदराला लावून सेल्फी काढला.

ताईंनी पिन हातात घेतली. दोन तुकडे वेगळे करायला त्यांना नखं लावावी लागली.

"वैशाली, हे परत घे गं. सगळ्यांकडून परत घे. घराघरात लहान मुलं आहेत."

सणाचं लुटलेलं वाण परत घ्यायचं?

"अहो, अपशकुन कशाला करता?" एक काकू म्हणाल्या. त्यात ताईंचे यजमान गेलेले. त्यांना बोलावलं हेच उपकार, असे चेहरे होते काही जणींचे.

ताईंनी तिळगूळ घेतला आणि निघाल्या. जिना उतरताना माझा हात घट्ट धरला. "मला भीती वाटतेय गं."

नंतर त्यांनी एकेकीला फोन केला. काहींनी पिना आणून दिल्या. बाकीच्या म्हणाल्या, "बघते हं."

पुढच्या आठवड्यात वर्गात तोच खेळ चालू होता. कागदातून जातं? जातं. कापडातून? जातं.

आरुषने हात वर केला. "टीचर, थ्रू मी ऑल्सो."

"थ्रू युवर हँड?"

"नो." त्याने टीशर्ट वर केला आणि पोटावर बोट ठेवलं. "ममाज पिन. यस्टर्डे आय एट वन. टुडे वन मोअर. दे विल फाइंड ईच अदर, ना टीचर?"

तो हसत होता हो!

ताई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "व्हेरी गुड आरुष. यू टोल्ड मी." आणि मला, "गाडी काढ. त्याला काही खायला देऊ नकोस. वैशालीला फोन लाव."

वैशाली फोनवर उसळलीच. "केळी चारते, उद्या पडून जाईल. माझ्या भावाने नाणं गिळलं होतं, काय झालं त्याला? तुम्हाला फक्त तुमचंच खरं करायचंय!"

"नाणं एकटं असतं गं," ताई म्हणाल्या. "ही दोघं एकमेकांना ओढतात. मध्ये त्याचं आतडं आहे."

आम्ही हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ती दारात उभी होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

एक्स-रेत दोन्ही शेजारी शेजारी दिसली. मध्ये बारीकशी फट. त्या फटीत आतडं चिमटलंय, सर्जन म्हणाले. अजून थांबला असता तर भोक पडलं असतं.

ऑपरेशन झालं. पोरगं वाचलं.

आणि मग ग्रुपवर सुरू. मुलांना चुंबकाचं वेड कुणी लावलं? आरपारचं खूळ डोक्यात कुणी घातलं? वाणाचा विषय एकीनेही काढला नाही. बायका सुपरमार्केटमध्ये ताई दिसल्या की ट्रॉली वळवायच्या. पोरं एकेक करून कमी झाली. मी भांडायला निघाले की ताई म्हणायच्या, "खलास, सोड."

वैशालीही बोलायची नाही. पण आरुषला रोज दारात सोडून जायची.

काल मी किल्लीने दार उघडून आत गेले तेव्हा ताई खुर्चीत होत्या. ओट्यावर अॅसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. छातीत काही दिवस दुखत असणार.

संध्याकाळी वैशाली आली, रडून डोळे सुजलेले. आरुष माझ्यापाशी येऊन बसला.

"मावशी, टीचरला चेस्टमध्ये पेन होता?"

"हो रे."

"मग टीचरने कोणाला सांगितला?"

"कुणालाच नाही, बाळा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "व्हाय?"

काय सांगू त्याला? की सांगायला कुणी ठेवलं नव्हतं आपण? मी होते की, रोज समोर होते. मलाही नाही सांगितलं त्यांनी. याचा मला राग येतोय, ताईंचासुद्धा, आणि रडूही थांबत नाहीये.

वैशालीने त्याला जवळ ओढलं.

ताई, तुमच्या या मदतनीस पोरीचा शेवटचा नमस्कार. शांत झोपा.