जैसलमेरचं गवत, माळढोक आणि आम्ही दोघं

"जे बघायचं असेल ते याच हिवाळ्यात बघून घ्या," डोळ्यांचे डॉक्टर यांना म्हणाले. मला वाटलं, हे पुण्याला लेकीकडे जाऊ म्हणतील. बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरी आलो. चप्पल काढता काढता हे म्हणाले, "जैसलमेरला जाऊ. माझं गवत बघायचंय."

माझे यजमान वाळवंटातल्या पशुपक्ष्यांसाठी नकाशे करतात. उपग्रहाची छायाचित्रं, पाऊस, गवत, वस्ती, सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून माळढोक पक्षी कुठे तगेल याचा अंदाज काढायचा. जैसलमेरजवळचा एक तुकडा सगळ्यात गडद हिरवा, म्हणजे पक्ष्याला सगळ्यात योग्य, आला होता. तो राखून तिथे पक्षी सोडावेत, अशी शिफारस वनखात्याला जायची होती. पण काम सगळं घरबसल्या. ती जागा यांनी कधी पाहिली नव्हती.

बुऱ्हाणपूरहून आम्ही भुसावळला गाडी बदलली, अहमदाबाद, मग जोधपूर, पुढे बस. जाणार असाल तर थंडीत जा, पण जाड शाल घ्या आणि पाणी भरपूर ठेवा. जोधपूर सोडलं की टपऱ्या विरळ होतात. आम्ही घरून रव्या-तुपाचा गोड दराबा नेला होता, त्यावर निभावलं. खिडकीशी बसून हे सारखे विचारत, "बाहेर काय दिसून राहिलं?"

"खेजडीची झाडं. बकऱ्या. पवनचक्क्या."

"पवनचक्क्या? इतक्या अलीकडे?" हे पुटपुटले, "म्हणजे विजेच्या तारा आल्याच."

जैसलमेरला जीप ठरवली. चालवणारे भंवरजी भला माणूस. पहिल्या दिवशी त्यांच्याच घरी बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी जेवलो. दुसऱ्या सकाळी त्या जागी पोचलो. गुडघ्याएवढं पिवळं गवत. हे खाली बसून त्यातून हात फिरवत राहिले. "मी एवढंच उंच धरलं होतं गं!" चेहरा नुसता उजळला होता.

तेवढ्यात मला तो दिसला.

"अहो, माळढोक! तिकडे!" मी त्यांची हनुवटी धरून वळवली. त्यांनी खूप वेळ पाहिलं.

"नाही दिसत. तू सांग."

मी सांगू लागले. पांढरी उंच मान, डोक्यावर काळी टोपी, एकेक पाऊल तोलून टाकणं. मग तो उडाला, आणि माझी नजर त्याच्यामागे वर गेली.

मी थांबले तसं त्यांनी विचारलं, "तारा आहेत का?"

नाही म्हणता आलं असतं.

"आहेत. मोठ्या खांबांच्या. गवताच्या मधोमध."

पक्षी तारांखालून निसटला. भंवरजी हळू आवाजात म्हणाले, "ये लाइन पिछली गरमी में डली, साब. इसी के नीचे एक मादा मरी मिली थी."

हे म्हणाले, "जड पक्षी. तार दिसेस्तोवर वळायला उशीर होतो." आणि जीपकडे निघाले. मी हात धरून त्यांना आत बसवलं.

परतल्यावर कॉम्प्युटरशी मी बसले, हे शेजारी. "तो तुकडा नकाशातून काढ."

"तारा जमिनीखालून न्या, असं लिहू या ना."

"लिही. पण तोवर इथे पक्षी सोडा, असं मी कसं म्हणू?"

मी तो हिरवा तुकडा पुसला. त्यांनी पडद्याकडे मान वळवून ठेवली होती. त्यांना किती दिसलं, मी विचारलं नाही.

आता उजेड-अंधार तेवढा कळतो. परवा जेवताना म्हणाले, "तो पक्षी सांग ना पुन्हा." मी मान, टोपी, पावलं सांगितली आणि तो गवतात होता तिथवरच थांबले.

"आणि उडाल्यावर?"

मग तारांचंही सांगितलं. पोळीचा घास हातात तसाच धरून हे ऐकत होते.