वहिनीने सोपवलेली लेक

कसाऱ्याच्या घाटात ट्रक उलटून नवरा गेला आणि सासरच्यांनी शकूला किन्हवलीजवळच्या माहेरी, थोरल्या भावाच्या, बुधाजीच्या घरी आणून सोडलं. दारात वहिनी उभी होती, गीता, कडेवर लहानगी अक्षदा घेऊन. शकूने भाचीच्या गालाला हात लावला मात्र, पोरगी किंचाळली. आपणच पांढऱ्या पायाच्या, हे शकूच्या मनात त्या दिवशी पक्कं बसलं.

अक्षदा चार वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. ओटीवर बसून भाताचे दाणे ओळीने मांडत राहायची आणि ओळ कुणी मोडली की भिंतीवर डोकं आपटायची. गावात कुणी तिला मुकी म्हणे, कुणी येडी. शकूच म्हणाली, "वहिनी, म्हसोबाला नवस बोलू या. वाचा फुटंल तिची."

तेव्हा म्हसा गावी म्हसोबाची जत्रा भरलेली; दोघी अक्षदाला तिथे घेऊन गेल्या. भोंगे वाजत होते, पाळणे करकरत होते, बैलबाजाराची धूळ उडत होती. अक्षदा कान दाबून जमिनीवर लोळली, स्वतःच्याच मनगटाला चावली. भोवती माणसं जमली. "अंगात आलंय हिच्या, धरा!" कुणीतरी ओरडलं. शकूनेही तिचे पाय धरले.

"सोड तिला!" गीता कडाडली. "दुखतंय तिला, दिसत नाय तुला?" तिने लेकीला पदराखाली घेतलं आणि देवळाकडे पाठ करून ती चालू लागली.

त्यानंतर गीताने ठाण्याचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाई बराच वेळ अक्षदाशेजारी नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांनी सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. हे कुणाच्या नजरेने होत नाही, पापाने होत नाही. ही जन्मापासूनच अशी आहे. आपल्याला साधा वाटणारा आवाज, साधा हात हिला सोसत नाही.

गीताने घरी येऊन हे सगळं सांगितलं. शकूने हळूच विचारलं, "मग मी आले त्या दिवशी किंचाळली ती?"

"अवचित हात लावलास म्हणून गो. तुझा काय दोष?"

शकू चुलीकडे तोंड करून बसली. विधवा झाल्यापासून असं तिला कुणी म्हणालं नव्हतं.

पुढे गीताच्या पोटात गाठ निघाली. कळलं तेव्हा उशीर झाला होता. अंथरुणाला खिळल्यावर ती शकूला एकेक शिकवू लागली. "मागून धरायचं नाय तिला. पुढे येऊन बस, मग हात दाखव. डाळ भातावर ओतू नको, येगळी वाढ."

"वहिनी, तू बरी होशील."

"आधी ऐक."

भाताच्या झोडणीच्या दिवसांत गीता गेली. अंगणात बायांचा आकांत चालला होता आणि अक्षदा गोठ्यात बसून दाव्याची गाठ सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. "आई गेली, पण डोळ्यात टिपूस नाय," शेजारची हिराबाई म्हणाली.

शेजारून जेवण आलं. अक्षदाने आईचं ताट काढून रोजच्या जागी मांडलं. बुधाजीने ते उचललं, तशी ती भिंतीवर डोकं आपटू लागली. बुधाजीने हात उगारला.

शकू मध्ये पडली. "मारू नको, दादा. रडतेय ती."

"याला रडणं म्हणतात?"

"तिचं असंच असतं."

तिने ताट परत जागेवर ठेवलं, त्यात भात वाढला. अक्षदा शांत झाली. बुधाजी त्या ताटाकडे बघत राहिला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

वर्ष सरल्यावर मुरबाडकडच्या एका बिजवराचं स्थळ शकूला आलं. माणूस सरळ होता, हसरा होता. शकूला तो मनापासून आवडला. पण भाचीला सोबत आणायची नाही, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. बुधाजी म्हणाला, "तू जा. मी बघीन तिचं." शकूने नकार कळवला आणि शेताच्या बांधावर बसून पोटभर रडली.

पुढे एकदाच तो तिला दिसला, मुरबाडच्या एसटी स्टँडवर, बायको आणि तान्ह्या लेकरासोबत. ओळखीचं हसला. शकूही हसली. गाडी लागली तशी तिने वयात आलेल्या अक्षदाला पुढे चढवलं, खिडकीकडची जागा दिली, आणि गाडी हलेपर्यंत मान वर केली नाही.