निकानोरचे तीन दिवसांचे पाव

पर्गामिनो गावच्या स्टेशनामागे निकानोर बर्तोलोत्तीची बेकरी होती. बाप गेल्यापासून कणीक तोच मळायचा, आणि दुसऱ्याने मळलेल्या कणकेला नावं ठेवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. दोन वर्षांपूर्वी त्याचं पोट बिघडलं, वजन उतरलं आणि संशय गव्हावर आला. गहू सोडल्यावर पोट सुधारलं. पण हवेत उडणारं पीठही नको, म्हणून मळायचं काम बहीण इर्माकडे गेलं. निकानोर बिचारा काउंटरवर.

आजाराचं पक्कं निदान मात्र राहिलंच होतं. डॉक्टर लेदेस्माबाईंनी त्याला समजावलं, "आतड्याच्या अस्तरात पहारेकरी पेशी असतात. गव्हाचा कण दिसला की त्या तो टी पेशींना, म्हणजे शरीराच्या शिपायांना दाखवतात. या आजारात तो कण शत्रू ठरतो. मग टी पेशी चवताळतात, आणि नुकसान आपल्याच आतड्याचं होतं." तीन दिवस पाव खायचा, सहाव्या दिवशी रक्त द्यायचं. चवताळलेल्या पेशी सापडल्या, तर भट्टी कायमची सुटली.

"म्हणजे माझ्या पोटात चुगलखोर बसलेत," निकानोर म्हणाला. बाई हसल्या. तो हसला नाही. पहारेकऱ्यांना गहू दिसलाच नाही, तर ते दाखवणार काय?

तीन दिवस इर्मा त्याला मोजून चार तुकडे द्यायची. तो परसात जाऊन ते शेजाऱ्याच्या कुत्र्याला घालायचा आणि इर्माची चाहूल लागली की रिकामंच तोंड हलवत बसायचा. रक्त दिल्यावरचा आठवडा त्याने कसाबसा काढला. फोन वाजला की गिऱ्हाईक सोडून तो धावायचा.

"पेशी शांत आहेत," अखेर दवाखान्यात बोलावून बाईंनी सांगितलं. "खुशाल कणीक मळा."

निकानोरचा जीव भांड्यात पडला. बाईंनी दुसरी फाइल उघडली. त्याच्या सात वर्षांच्या लेकीची, असुसेनाची. पोर वाढत नव्हती, पोट फुगायचं. हा आजार घराण्यातून येतो म्हणून शुक्रवारी तिच्या आतड्याची तपासणी ठरली होती.

"तुम्हालाच हा आजार नाही, तर तिची तपासणी तूर्त थांबवू," बाई म्हणाल्या. "रोज दूध-पाव द्या, अंगी लागेल."

लेकीचे काड्यांसारखे हात त्याच्या डोळ्यांपुढे आले. तिला रोजचा पाव तोच भरवायचा. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"शुक्रवार रद्द करू नका," तो म्हणाला. "पाव मी खाल्लेच नाहीत. कुत्र्याला घातले."

बाईंनी त्याची फाइल पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "उद्यापासून पुन्हा तीन दिवस पाव खायचा, आणि या वेळी माझ्यासमोर."

"माझं राहू द्या हो," निकानोर म्हणाला. "मी बसतो काउंटरवर. पोरीचं आधी बघा."