सुकेशनीबाई पुस्तक तपासतात

मुलांचं पुस्तक हातात आलं की सुकेशनीबाई मजकुरावर तळहात ठेवतात आणि आधी नुसती चित्रं पाहतात. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोणाचे हात जोडलेले आहेत. पेडगावच्या शाळेत आम्ही दोघी बरोबर शिकवतो, म्हणून सांगते, ही बाई लग्नाच्या पत्रिकेकडेही संशयानंच पाहते. मला याचा वैताग यायचा. पण त्यांच्या लहानपणी पुस्तकात बौद्ध घरातलं पोर सापडलंच, तर ते दाराशी रडत उभं असायचं आणि कोणी दयाळू गुरुजी येऊन त्याचे डोळे पुसायचे. त्या गुरुजींवर बाईंचा अजून राग आहे. आपल्या वर्गातल्या पोरांनी पुस्तकात स्वतःला असं रडताना पाहू नये, एवढाच त्यांचा हट्ट.

यंदा गावोगावच्या शाळांत वाटायची गोष्टींची पुस्तकं तपासायला आम्हा तिघांना नेमलं. तिसरे सेलूचे शिवरुद्र सर, निवृत्त मुख्याध्यापक, लिंगायत, कपाळावर ठसठशीत विभूती. कामाची वाटणी सरांनीच केली. ज्यानं त्यानं आपापल्या समाजाची पानं पाहायची, भाषा मी बघायची. बाई सोडून सगळ्यांना पटलं, म्हणजे सरांना आणि मला.

शेवटचं पुस्तक दोन मैत्रिणींचं होतं. ऋतुजा लिंगायत घरातली, धम्मशीला बौद्ध घरातली. बाईंच्या वाट्याच्या पानांवर विहार, वंदना, आजीची पांढरी साडी, सगळं जागच्या जागी.

"लयच बरोबर हाय," बाई म्हणाल्या. "ह्या घरात कोणी कोणावर ओरडत न्हाई, कधी भाजी खारट होत न्हाई. मला शंका यायलीय."

"चुकलं तरी शंका, बरोबर असलं तरी शंका," सर हसले. "आमची पानं बघा. चित्रकार आमच्याच घरी दोन दिवस राहिला. ओसरी, अंगण, आमच्या हिच्या गळ्यातलं लिंग, एक रेघ खोटी न्हाई. मी पास करून टाकलं."

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. वाटणी मोडली म्हणून सरांच्या कपाळावर आठी पडली.

चित्रात दोघी मैत्रिणी ओसरीवर शेजारी बसून सागरगोटे खेळत होत्या. मला वाटलं, चला, आज बाई खूश होणार. पण त्यांचं बोट ओसरीवरून सरकत अंगणाच्या भिंतीपर्यंत गेलं. भिंतीत कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एकच कप पालथा घातलेला. बाईंनी पान उलटलं. स्वयंपाकघराच्या फळीवर बाकीचे कप ओळीनं टांगलेले होते. त्या पुन्हा मागच्या पानावर आल्या.

"हा बाहेर कोणाचा?"

"कामाला येती ना कुसुमबाई, तिचा," सर सहज बोलून गेले.

"कुसुमबाई आमच्या विहारात येतात," बाई म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढून पुसला. "जुनी रीत हाय हो. बायकांचं चालत आलेलं. कोणाच्या मनात काय न्हाई."

मला सरांचा संताप आला. हा माणूस चाळीस-चाळीस पोरांना समतेवरचा धडा शिकवून निवृत्त झालाय आणि तो कप रोज पाहतोय. पाहतोय म्हणजे काय, एक रेघ खोटी नाही म्हणून शाबासकी देतोय.

"चित्रकाराला फोन करतो," सर म्हणाले. "कप काढून टाक म्हणतो. कशाला उगं पोरांना दाखवायचं?"

त्यांनी खिशातून फोन काढलासुद्धा. बाईंचा आवाज चढला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं शांत पाहिलं नव्हतं.

"सर, त्यानं दिसलं ते काढलं. कप कुठनं काढायचाय, चित्रातनं का घरातनं?"

सरांनी फोन खाली ठेवला आणि पुस्तक मिटलं. बाईंनी ते पुन्हा त्याच पानावर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.